देशी झाडांची बाग बघायला जायचं म्हणजे नेमकं काय बघायचं?

जून लागला की दरवर्षी सगळीकडं झाडं लावायची धांदल सुरू होते. २०१९ साली तर राज्यात एका पावसाळ्यात ३३ कोटी झाडं लावायचं टार्गेट होतं, आणि आमच्या जुळे सोलापुरातल्या कॉलनीत पण ओपन स्पेसवर दर पावसाळ्यात खड्डे खणले जातातच. यंदा व्हॉट्सॲप ग्रुपवर एकानं मेसेज टाकला, "ह्या वेळी फक्त देशी झाडं लावूया." लगेच दहा-बारा अंगठे आले. मग एका काकूंनी साधा प्रश्न विचारला की देशी म्हणजे कुठली हो? गुलमोहर देशी का? चिंच? सीताफळ? आणि ग्रुप गप्प झाला, कारण कुणालाच नीट माहीत नव्हतं, मला पण नाही.

म्हणून सप्टेंबरच्या शेवटी, नवरात्राच्या आधीच्या रविवारी, मी, माझा दहा वर्षांचा मुलगा आणि मोहोळकडनं आलेली माझी आत्या असे तिघं शहराबाहेरच्या एका कॉलेजच्या आवारातली देशी वनस्पतींची बाग बघायला गेलो. तिथं एक वनस्पतिशास्त्राची विद्यार्थिनी सोबतीला आली, तिनं तीन तास आमच्या सगळ्या प्रश्नांना न कंटाळता उत्तरं दिली. तिनं सांगितलेलं, घरी येऊन वाचलेलं आणि आत्याला आधीपासून ठाऊक असलेलं, असं तिन्ही मिळून जे समजलं ते इथं लिहितेय.

नेहमीचा बगीचा आणि ही बाग, फरक काय?

गेटातनं आत गेल्यावर पहिलं तर मुलगा हिरमुसला. लॉन नाही, कारंजं नाही, झोके नाहीत. वाळलेलं गवत, काटेरी झुडपं आणि प्रत्येकापुढं एक छोटी पाटी. आत्या पहिल्याच पाटीपुढं थांबली आणि म्हणाली, "अगं हे तर तरवड हाय की! ह्याला कशाला पाटी लावायलेत?"

पाटीवर चार गोष्टी होत्या. मराठी नाव, शास्त्रीय नाव, कूळ आणि एक नंबर. खरा फरक त्या नंबरात आहे. बगीच्यातलं झाड सुंदर दिसलं की झालं, ते कुठनं आलं ह्याच्याशी कुणाला देणंघेणं नसतं. वनस्पती उद्यानात मात्र प्रत्येक झाडाची नोंद असते, बी कुठल्या गावच्या माळावरनं आणलं, कधी आणलं, कुणी आणलं, त्यातली किती रोपं जगली. झाडाचा सातबाराच म्हणा. ही नोंद असली की उद्या ते झाड मूळ जागेवरनं संपलं तरी कळतं की हे त्याच मातीतलं, त्याच वाणाचं आहे, आणि त्याच्या बिया परत तिथं नेता येतात. आपण जमिनीच्या कागदांची झेरॉक्स बहिणीच्या घरी ठेवतो ना, तसंच हे.

आता जरा इतिहास, कारण तो इथं महत्त्वाचा आहे. भारतातलं सगळ्यात प्रसिद्ध वनस्पती उद्यान कोलकात्याजवळ हावड्याला आहे, १७८७ सालचं. ते ईस्ट इंडिया कंपनीच्या काळात उभं राहिलं आणि उद्देश होता व्यापाराचा, म्हणजे कुठलं साग, कुठले मसाले, कुठलं पैसे देणारं पीक इथं रुजतंय ते बघायचं. त्या काळात अशा बागा म्हणजे जगभरातनं झाडं आणायचा दरवाजाच होता. आज जंगलांना छळणारी घाणेरी, म्हणजे टणटणी, ती पण १९व्या शतकाच्या सुरुवातीला शोभेचं फूल म्हणून कलकत्त्याच्या बागेतच आली. देशी झाडांची बाग ह्याच्या बरोबर उलटं काम करते, बाहेरचं आत आणण्याऐवजी आपलं जे निसटून चाललंय ते धरून ठेवते. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाच्या वनस्पती उद्यानात कंदीलपुष्पाच्या दुर्मिळ जाती अशाच जपल्यात.

शास्त्रीय नाव कशाला पाहिजे, असं मुलानं विचारलं. उत्तर तरवडातच होतं. मराठीत तरवड, आणि आपल्या सोलापूरच्या पूर्व भागातल्या तेलुगू घरांत त्यालाच तंगेडू म्हणतात, त्यांच्या बतकम्मा सणाला रचतात त्या फुलांच्या उतरंडीत ही पिवळी फुलं लागतातच, तेलंगणाचं तर ते राज्यफूल आहे. आणि आत्याच्या घरी नवरात्रात घटाला तरवडाच्या फुलांची माळ असते. म्हणजे एकाच शहरात, एकाच आठवड्यात, दोन भाषांतल्या बायका एकच झुडूप दोन नावांनी शोधत फिरतात. शास्त्रीय नाव म्हणजे ह्या सगळ्यांना एकत्र बांधणारा जणू आधार नंबर. तरवडाचं आहे सेना ऑरिक्युलाटा. ऑरिक्युलाटा म्हणजे कानवालं. त्या मुलीनं फांदी न तोडता, नुसती वाकवून, पानाच्या देठाच्या बुडाशी दाखवलं, तिथं खरंच दोन बाजूंना दोन हिरवे गोल कान होते. मुलगा त्यानंतर प्रत्येक तरवडाचे कान बघत सुटला. आत्या बघून म्हणाली, "एवढ्या वर्षांत म्या फुलंच तोडली, कान कधी बघितले नव्हते."

बरं, पण देशी म्हणजे कुठलं?

आता मुद्द्याचं. देशी म्हणजे भारतातलं एवढंच धरलं तर घोटाळा होतो. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, सोलापुरात सहाशेच्या आसपास, आणि त्यातला पण बराचसा रडतखडत, सप्टेंबरात येतो. मधे सह्याद्री आडवा, आपण त्याच्या पाऊससावलीत, म्हणजे ढग तिकडंच रिकामे होतात आणि आपल्याला उरलंसुरलं मिळतं. म्हणून कोकणातली सुरंगी किंवा कोकम भारतातलं असलं, महाराष्ट्रातलं असलं, तरी सोलापूरच्या मुरमाड माळाला ते पाहुणंच. इथला स्थानिक कोण? बाभूळ, हिवर, बोर, शमी, हिंगणबेट, नेपती, तरवड, रुई, पळस, आपटा, आणि कुसळी, मारवेल, पवन्यासारखी गवतं.

नेपतीपुढं आम्ही बराच वेळ थांबलो. हिरव्या काड्यांचा नुसता गुंता, पान जवळजवळ नाहीच. पान म्हणजे झाडाचं स्वयंपाकघर, आणि तिथनंच पाणी उडून जातं. नेपतीनं पानांचा खर्चच बंद केलाय, हिरव्या खोडातच स्वयंपाक करते. हिवर, शमी, बाभूळ ह्यांनी पानं ठेवलीत, पण बारीक बारीक. आपल्या मे महिन्यातल्या ४३-४४ डिग्रीत ज्यांनी तग धरला त्यांनी हा शहाणपणा हजारो वर्षांत कमावलाय, एका पिढीत नाही.

पण नुसतं तग धरणं म्हणजे देशी असणं नव्हे, आणि इथंच मला खरी गोष्ट समजली. झाड एकटं नसतं, त्याला भावकी असते. पानं खाणाऱ्या अळ्या, फुलांवर येणाऱ्या माश्या, फळं खाऊन बिया टाकणारे पक्षी, मुळांशी राहणारी बुरशी, पाला खाणारी वाळवी. ही भावकी हजारो वर्षांत जमते. एखादं झाड एखाद्या ठिकाणी माणसानं आणून न लावता, फार जुन्या काळापासून, आपल्या भावकीसकट राहत असेल तर ते तिथलं देशी. आणि तेवढ्याच भागात सापडत असेल, जगात दुसरीकडं कुठंच नाही, तर त्याला प्रदेशनिष्ठ म्हणतात. दोनच शब्द लक्षात ठेवा, पुढं आणखी दोन लागतील.

उंबर फोडून केंबरं बघा

भावकी म्हणजे काय हे बघायचं असलं तर उंबरासारखं दुसरं झाड नाही. आपल्यात म्हणतात उंबर फोडून केंबरं काढू नये, पण आम्ही खाली पडलेलं एक उंबर मुद्दाम फोडलं. आत बारीक किडे, म्हणजेच ती केंबरं, वळवळायला लागली. लहानपणी हे बघून आपण उंबर फेकून द्यायचो, किडकं म्हणून.

ते किडकं नसतं. उंबर म्हणजे मुळात फळ नाही, ती फुलांची बंद पिशवी आहे, शेकडो बारीक फुलं आत तोंड करून बसलेली. म्हणून उंबराचं फूल कुणाला दिसत नाही. त्या पिशवीला टोकाशी एक सुईच्या अग्राएवढं तोंड असतं. गांधीलमाशीच्या जातकुळीतली एक दोन-एक मिलिमीटरची मादी त्या तोंडातनं आत घुसते, घुसताना बहुतेक वेळा तिचे पंखच तुटतात, म्हणजे ती परत बाहेर यायची नसते. दुसऱ्या उंबरातनं अंगावर आणलेले परागकण ती आत पसरवते, काही फुलांत अंडी घालते आणि तिथंच मरते. त्यातनं आधी बिनपंखी नर जन्मतात, त्यांना डोळ्यांनी जग बघायचंच नसतं, ते मादीशी जुळतात आणि बाहेर जायला भोक पाडून देतात. मग पंखवाल्या माद्या पराग घेऊन उडतात, नवीन उंबर शोधायला, आणि त्यांच्या हातात एक-दोन दिवसच असतात.

वड, पिंपळ, उंबर ह्यांच्यात साधारणपणे प्रत्येकाची केंबरं वेगळी. वडाचं केंबर उंबराच्या कामाचं नाही. आता विचार करा, हेच उंबर उचलून जगाच्या दुसऱ्या टोकाला नेऊन लावलं आणि केंबर नेलं नाही तर? झाड वाढेल, सावली देईल, पण बी धरायचं नाही. आणि इथं शहरात उंबरं इतकी कमी झाली की एकावर फळ तयार असताना जवळपास दुसरं नाही, तर त्या दोन दिवसांच्या पाहुणीनं जायचं कुठं? म्हणून एक उंबर लावलं की काम झालं असं होत नाही, आजूबाजूला आणखी उंबरं लागतात. त्याच्या फळांवर कोकीळ, तांबट, हळद्या, साळुंक्या, वटवाघळं सगळी जगतात, ती वेगळीच.

रुईचं पण तसंच. मारुतीला रुईच्या पानांचा हार घालतो आपण, तिच्या पानांवर नीट बघितलं तर पिवळ्या-काळ्या पट्ट्यांची अळी दिसते. रुईच्या विषारी चिकाला शेळ्यासुद्धा सहसा तोंड लावत नाहीत, ही अळी मात्र तेच विष खाऊन आपल्या अंगात साठवते, मग तिला आणि तिच्यापासून झालेल्या नारिंगी फुलपाखराला पक्षी खात नाहीत. आमच्या कॉलनीत दर दिवाळीला साफसफाई म्हणून रुई उपटून टाकतात आणि मग मुलांना फुलपाखरं दाखवायला पुण्याला न्यायचं, हे मला आता बघवत नाही.

मग परदेशी सगळं वाईट का? शेंगदाणा चटणीचं काय?

हा प्रश्न मी स्वतःच विचारला, कारण सोलापुरात राहून तो न विचारणं शक्य नाही. शेंगदाणा मूळचा दक्षिण अमेरिकेतला. मिरची पण अमेरिकेतली. दोन्ही पोर्तुगीजांच्या काळात, १६व्या शतकापासून पुढं इकडं आल्या. बरं ज्वारी तरी आपली? मंगळवेढ्याच्या मालदांडीला भौगोलिक मानांकन मिळालंय, हुरडा म्हणजे तर आपला जीव की प्राण, पण ज्वारी पहिल्यांदा माणसानं लागवडीला आणली ती आफ्रिकेत, तिथनं काही हजार वर्षांपूर्वी ती आपल्याकडं आली. डाळिंब इराणच्या बाजूचं. चिंच आफ्रिकेतली. सीताफळ अमेरिकेतलं. कडक भाकरी आणि चटणीचं ताट पुढं घेऊन देशी-परदेशी भांडण मांडलं तर ताट रिकामंच राहील.

म्हणून तिसरा शब्द, परकीय. परकीय म्हणजे माणसाच्या हातानं दुसरीकडनं आलेलं, बास. त्यात चांगलं-वाईट काही नाही. शेंगदाणा शेतकऱ्यानं पेरला तर उगवतो, नाही पेरला तर नाही, तो काही कुंपण ओलांडून माळावर जाऊन बोरीला मारत नाही. चिंचेला तर इथं राहून इतकी शतकं झालीत की तिनं बरीच सोयरीक जमवलीय, पाखरं आहेत, माकडं आहेत, आणि आपण पोरंसोरं तर आहोतच. गुलमोहर मादागास्करचा, काशीद आग्नेय आशियातला, निलगिरी ऑस्ट्रेलियाची, बोगनवेल ब्राझीलची. ही झाडं पाप करतात असं नाही. त्यांच्यावर काहीच राहत नाही असं पण नाही. पण ती इथं बिऱ्हाडकरू आहेत, त्यांच्या घरी येणंजाणं कमी. रस्ताभर नुसती तीच लावली तर हिरवं दिसतं, पाखरांच्या पोटाला मात्र कमी पडतं.

त्रास देतो तो चौथा, आक्रमक

भावकीचं एक दुसरं अंग पण असतं, ते गावाकडच्या माणसाला वेगळं सांगायला नको. भावकी मदत करते तशी हिस्सा पण मागते. बाभळीच्या शेंगा शेळ्या खातात, पानं अळ्या खातात, बियांत भुंगे अंडी घालतात, त्यामुळं बाभूळ सगळा माळ व्यापून बसत नाही. परकीय झाड समुद्रापलीकडनं येतं तेव्हा त्याची भावकी तिकडंच राहते. हिस्सा मागणारं कुणी नाही. बहुतेक झाडं अशा ठिकाणी एकटी पडून मरतात किंवा माणसाच्या आधारानं जगतात, पण एखाददुसरं असं निघतं की त्याला रानच मोकळं. त्याला म्हणतात आक्रमक.

वेडी बाभूळ घ्या. मूळची अमेरिकेतली, १९व्या शतकात जळणासाठी, उजाड जमीन झाकायला म्हणून आणली. शेंगा गोड, शेळ्या आवडीनं खातात, बिया पचत नाहीत, लेंडीतनं सगळीकडं. आता कुठल्याही तळ्याच्या काठाला, ओढ्याला, पडक्या वावरात बघा, तीच. तिच्या खाली दुसरं फार काही उगवत नाही. हे पण खरं की गरिबाच्या चुलीला तिनं जळण दिलंय, कोळसा दिलाय, तिच्यावर पोट असलेली माणसं आहेत, त्यामुळं उद्या सकाळी सगळी उपटा असं म्हणणं सोपं नाही. पण नवीन लावायची तर नक्कीच नाही.

गाजरगवत, आपल्याकडं काँग्रेस म्हणतात ते, १९५०च्या दशकात पहिल्यांदा पुण्यात नजरेला आलं, अमेरिकेतनं आयात केलेल्या गव्हाबरोबर बी आलं असं मानतात. आज ते नाही असा भारतातला जिल्हा सापडणं अवघड.

आणि फड्या निवडुंगाची गोष्ट तर हा सगळा मुद्दा एका फटक्यात दाखवते. तो पण अमेरिकेतला. कुंपणाला लावला आणि दख्खनभर इतका माजला की वाटा बंद झाल्या. शेवटी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात त्याच्यावर जगणारी पांढरी, कापसासारखी दिसणारी कीड, त्याच्याच मुलखातली, इकडं सोडली, आणि काही वर्षांत निवडुंगाचे डोंगर बसले. आत्याला तिच्या आज्जीनं सांगितलेलं आठवत होतं की पूर्वी गावाभोवती फड्याचं रान होतं आणि मग "त्याला रोग आला". रोग नव्हे, मागं राहिलेली भावकी हिस्सा मागायला आली होती. असा उपाय जपूनच करावा लागतो पण, कारण आणलेल्या किड्यानं दुसरंच काहीतरी खायला सुरुवात केली तर निस्तरणार कोण?

"हा काय पडीक माळ, इथं झाडं लावा की!"

बागेच्या एका कोपऱ्यात नुसतं गवत राखलेलं होतं. शेजारून जाणारे एक काका म्हणाले की एवढी जागा मोकळी ठेवलीय, झाडं तरी लावायची. हेच वाक्य सोलापूर जिल्ह्याचं सगळ्यात मोठं नुकसान करतंय असं माझं स्पष्ट मत आहे.

आपल्या मुलखातली बरीच जमीन मुळात जंगलाची नाहीच, ती माळाची आहे. गवताळ माळ म्हणजे जंगल तुटून उरलेला भाग नव्हे, ते स्वतःच एक पूर्ण घर आहे. नान्नजचं माळढोक अभयारण्य १९७९ साली झालं ते ह्याच घरासाठी. माळढोक हा उडणाऱ्या सगळ्यात जड पक्ष्यांपैकी एक, जमिनीवर अंडी घालतो, आणि लांडगा-खोकड येतोय का ते दुरून दिसावं म्हणून त्याला उघडं रान लागतं. तिथं दाट झाडं लावली की त्याच्यासाठी घरात भिंती घातल्यासारखं होतं. आज जगात हे पक्षी दीडशेपेक्षाही कमी उरलेत असा अंदाज आहे, त्यातले बहुतेक राजस्थानात, आणि आपल्याकडं दिसणं फार दुर्मिळ झालंय. त्याला कारणं बरीच आहेत, शिकार झाली, माळ नांगरले गेले, विजेच्या तारा आल्या, पण माळाला पडीक म्हणून झाडं लावणं हे त्यातलंच एक. काळवीट, लांडगा, धाविक पक्षी हे सगळे त्याच घरातले. धनगरांची मेंढरं पण.

आणि गवत काही कमी हुशार नाही. कुसळं मोज्यात घुसतात ते सगळ्यांना माहितीय, मुलाच्या मोज्यात पण घुसलीच. त्या मुलीनं एक कुसळ काढून तळहातावर ठेवलं, वर बाटलीतल्या पाण्याचा एक थेंब टाकला आणि म्हणाली आता बघत राहा. अर्ध्या मिनिटात ते पीळ घातलेलं काळं शेपूट सावकाश उलगडत गोल फिरायला लागलं, हात न लावता. टोकाला अणकुचीदार बी. पावसात शेपूट उलगडतं, उन्हात परत पीळ भरतो, असं करत ते बी ड्रिलसारखं स्वतःला जमिनीत पेरून घेतं, टोकावरचे मागं वळलेले केस त्याला परत वर येऊ देत नाहीत. म्हणून ते मोज्यातनं पण निघत नाही. मुलानं अजून पाच थेंब टाकले, आम्ही निघेपर्यंत त्याचं तेच चाललं होतं.

"देशी झाडं हळू वाढतात, आम्हाला सावली आत्ता पाहिजे"

हा आक्षेप खरा आहे, आणि तो टाळून चालणार नाही. आमच्या कॉलनीनं काही वर्षांपूर्वी एका ठेकेदाराकडनं रोपं घेतली होती, निम्मी गुलमोहर, निम्मी काशीद. तीन वर्षांत डोक्यावर गेली, सगळे खूश. मग एका मे महिन्यात वळीव आला आणि त्यातले दोन गुलमोहर मुळासकट आडवे झाले, एक तर माझ्या स्कूटीवर. मुळं बघितली तर वरच्या वर पसरलेली, खोल काहीच नाही.

कोरड्या मुलखातलं झाड पहिली काही वर्षं वर कमी आणि खाली जास्त वाढतं. शमीचं मूळ कित्येक मीटर खोल जातं. म्हणजे घर बांधताना आधी सगळा पैसा पायात घालणारा माणूस, बघणाऱ्याला वाटतं काम बंदच आहे. दोन उन्हाळे पाणी द्यावं लागतं, नंतर ते तुमच्याकडं काही मागत नाही. आणि सगळी देशी झाडं काही हळू नसतात, कडुनिंब, करंज, उंबर, पिंपळ बऱ्यापैकी लवकर सावली धरतात. मधली वाट अशी की आधीची परकीय झाडं आहेत ती तोडायची नाहीत, त्यांच्या सावलीत देशी रोपं वाढवायची, आणि जुनी आपापल्या वयानं गेली की जागा ह्यांना. फक्त लहान प्लॉटमधे, पाण्याच्या टाकीजवळ वड-पिंपळ लावू नका, त्यांची मुळं भिंती फोडतात, तिथं आपटा किंवा बहावा बरा.

आपट्यावरनं आठवलं, दसऱ्याला बाजारात सोनं म्हणून जी मोठ्ठी पानं येतात ती बऱ्याचदा कांचनाची असतात. आपट्याचं पान लहान, जाड आणि उंचीपेक्षा रुंद असतं. दोन्ही शेजारी शेजारी लावलेले होते, एकदा बघितलं की परत चूक होत नाही. अर्थात ओळख पटली म्हणून फांद्या ओरबाडायच्या असा त्याचा अर्थ नाही, एक पान पुरतं.

कधी जायचं, कसं बघायचं

आपल्या भागात अशी बाग बघायला दोन वेळा चांगल्या. ऑगस्ट ते ऑक्टोबर, तेव्हा गवतं, वेली, बारीक फुलं असतात, आणि फेब्रुवारी-मार्च, तेव्हा पळस आणि काटेसावर फुलतात. मे महिन्यात गेलात तर सगळं वाळलेलं दिसेल, पण कोण कसं तग धरतंय ते तेव्हाच कळतं. सकाळी लवकर जा, बूट घाला, पाणी न्या.

सगळी बाग एका दिवसात बघू नका. पाच झाडं निवडा आणि प्रत्येकापाशी दहा मिनिटं थांबा, पानाच्या मागच्या बाजूला बघा, खोडाच्या फटीत बघा, कोण येतंय-जातंय ते बघा. कंदीलपुष्प सापडलं तर तिथं जास्त थांबा, त्याचं फूल म्हणजे बारीक नळी, आत खाली वळलेले केस, वासाला भुललेली चिलटं आत उतरतात आणि केसांमुळं वर येता येत नाही, काही काळ आत अडकतात, पराग अंगाला लागतो, मग केस सुकतात आणि त्यांची सुटका होते. पाटीचा फोटो काढायचाच, पण आधी झाड बघा, मग पाटी. फूल, बी, रोप काही तोडायचं-उपटायचं नाही, एका दुर्मिळ झुडपाच्या दहाच शेंगा असतात आणि त्या मोजलेल्या असतात.

आणि शक्य असेल तर घरातलं एखादं म्हातारं माणूस सोबत न्या. आमच्यात आत्यानं त्या विद्यार्थिनीला तीन गोष्टी सांगितल्या ज्या पाटीवर नव्हत्या. तरवडाच्या सालीनं चामडं कमावायचे. बाभळीचं लाकूड औताला का वापरायचे. आणि हिंगणबेटाच्या फळाच्या गरानं कपडे कसे धुवायचे. ती मुलगी उभ्या उभ्या वहीत लिहून घेत होती आणि आत्या लाजत होती.

रोपं पाहिजे असतील तर वनविभागाच्या किंवा सामाजिक वनीकरणाच्या रोपवाटिकेत जाऊन झाडाचं नाव घेऊन मागा, "देशी द्या" एवढंच म्हटलं तर जे असेल ते मिळतं. मागणी असली की पुढच्या वर्षी ते बी धरतात.

परतीच्या वाटेला, बागेच्या बाहेर, रस्त्याच्या कडेला आत्यानं गाडी थांबवायला लावली. तिथं तरवडाचं रान होतं, कुणाच्या नोंदीतलं नाही. तिनं वाळलेल्या चार शेंगा रुमालात बांधून घेतल्या. तरवडाच्या बियांची साल कडक असते, गरम पाण्यात टाकून रात्रभर ठेवल्या तर लवकर उगवतात, हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती. अकरा बिया टाकल्या होत्या, सात उगवल्यात. जूनमधे त्या ओपन स्पेसवर जातील, रुई उपटायची नाही असं ग्रुपवर लिहून झाल्यावर.